गुरुवारची बदली

सिंधूताई टापरे आल्या तेव्हा मी व्हरांड्यात वाती वळत बसले होते. चपला त्यांनी पायरीवर कशाबशा सोडल्या, पाणी नको म्हणाल्या आणि हातातला फोन माझ्या नाकासमोर धरला.

"वाचा."

"चष्मा आत राहिला वो."

"मग मी वाचते, तुम्ही ऐका. 'आज अडचण आहे, बदली हवी.' हे पाडव्यानंतरचं. 'अडचण आहे, कृपया बदली.' हे अक्षय्य तृतीयेच्या आसपासचं. 'अडचण. बदली.' हे मृगातलं. हे पोळ्याच्या आधीचं..."

बोटानं वर सरकवत त्या किराण्याची यादी वाचावी तशा वाचत गेल्या. सगळे निरोप एकाच माणसाचे होते. त्यांच्या सुनेचे, स्नेहलचे.

"एवढं जुनं तुम्हाला सापडलं कसं?"

"वर ते भिंग असते ना, त्यात 'अडचण' लिहिलं की सारं रांगेनं पुढे येते. शैलजाबाईंनीच शिकवलं मले."

अकोल्याच्या आमच्या कॉलनीत तेव्हा चक्री पारायण चालायचं. पोथीचे जेवढे अध्याय तेवढ्या बायका. दर गुरुवारी प्रत्येकीनं आपला एकच अध्याय वाचायचा, पुढच्या गुरुवारी त्याच्या पुढचा. म्हणजे त्या दिवसाची सगळ्या मिळून एक पोथी पुरी होते, आणि फिरत फिरत प्रत्येकीची स्वतःचीही होते. मात्र एकीचा अध्याय राहिला तर त्या दिवशीचं सगळ्यांचंच पारायण खंडित. पूर्वी हे निरोपानिरोपीवर चालायचं. मग शाळेतून निवृत्त झालेल्या शैलजाबाई गावंडे यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. सकाळी त्या नावं टाकत. वाचून झालं की आपण 'पूर्ण' लिहायचं, आणि दिवेलागणीला त्या एकेका नावापुढे हिरवी खूण करत. जिच्या नावापुढे खूण नाही ती सगळ्यांना दिसायची. पाळीच्या दिवसांत पोथीला शिवायचं नाही हा आमच्यातला रिवाज. तसा गुरुवार आला की गटावर 'अडचण आहे' असं लिहायचं आणि दुसऱ्या कोणीतरी तो अध्याय वाचायचा. त्याला आम्ही बदली म्हणायचो. बदली बहुतेक वेळा मीच घ्यायची. माझं ते सगळं केव्हाच सरलं होतं, आणि गुरुवारी सकाळी सरोदेकाकू पोथीपाशीच असतात हे साऱ्यांना ठाऊक होतं.

"आता हे पाहा," सिंधूताई म्हणाल्या. "मागच्या महिन्यातला गुरुवार. 'पूर्ण'. वरून जोडलेले हात. आणि त्या दिवशी देवाजवळ दिवा कोणी लावला? मी. ही देवघराच्या उंबऱ्याशी आली नाही. हिचं तर घड्याळासारखं असते, चार आठवडे झाले की गुरुवार हजर. मग हे पूर्ण कसं झालं?"

मी वात वळत राहिले.

"एक तर तशीच पोथीला शिवली, नाही तर वाचलंच नाही आणि लिहून मोकळी झाली. सांगा, यातलं कोणतं बरं?"

"तिला विचारलंत का?"

"घरात काय विचारायचं? पारायण साऱ्यांचं अडलं. महिन्याच्या आरतीला साऱ्यांसमोरच विचारते. आणि मग म्हणते, जा बाई, काही दिवस माहेरी राहून ये. पाच वर्षं झाली लग्नाला, घरात पाळणा नाही. देवाशी असं वागल्यावर हलेल कसा?"

त्या गेल्यावर वाती मोजायच्या राहून गेल्या. सिंधूताई वाईट बाई नव्हत्या. माझ्या ह्यांच्या आजारपणात रोज डबा आणणारी तीच बाई. पण त्या दिवशी त्यांच्या हातात ते भिंग होतं.

रविवारी मला स्नेहल गिरणीवर भेटली. पतसंस्थेत काउंटरवर बसायची ती, त्यामुळे दळण रविवारीच. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत पट्टा फिरत होता, त्या घरघरीत आमचं बोलणं आम्हालाच जेमतेम ऐकू येत होतं. मला वाटतं त्यामुळेच ती बोलली.

"सासूबाई आल्या होत्या ना तुमच्याकडे?"

"आल्या होत्या."

"मी पोथीला हात नाही लावला काकू. वाचलंच नाही. नुसतं लिहिलं."

"का गं?"

ती ओढणीवरचं पीठ झटकत राहिली. "तुम्ही बदली घेता, त्याच्या खाली काय काय येते ते वाचता कधी?"

"माझं झालं की मी फोन ठेवून देते."

"म्हणून तुम्हाला माहीत नाही. मी 'अडचण' लिहिते. खाली कोणी हात जोडते. कोणी रडका चेहरा टाकते. एकीनं लिहिलं होतं, 'या महिन्यातही का गं?' त्याला बाकीच्यांचे अंगठे. मग कोणी नागपूरच्या डॉक्टरचा नंबर देते, मामेसासूबाई व्रत सांगतात. मी काउंटरवर, समोर माणसं उभी, आणि फोन थरथरून राहिला." आतून गिरणीवाल्यानं कोणाचं तरी नाव पुकारलं, ते आमचं नव्हतं. "मला सकाळी बाथरूममध्ये कळते काकू. दहा वाजेपर्यंत साऱ्या कॉलनीला. रडायचं म्हटलं तर माझ्या आधी बाकीच्याच रडून घेतात."

एवढे गुरुवार तिची बदली मीच घेतली होती, आणि पाठीमागे हे चालत होतं.

"गटातून निघून जायचं मग," मी म्हणाले.

"निघालं की तेही साऱ्यांना लिहून येते. स्नेहल बाहेर पडली म्हणून. मग त्याची चर्चा."

"तरी खोटं लिहिलंस ते चुकलं बाई."

"चुकलंच," ती म्हणाली. "पोथीचं वाईट वाटते मला. लोकांचं नाही वाटत."

"आरतीला येऊ नकोस."

"न येऊन काय करू? मग गटावर टाकतील. तिथं लिहिलेलं तर राहतेच. बोललेलं निदान विरून जाईल."

तिचं नाव पुकारलं. डबा उचलून ती गेली. पाठीवर पिठाचा हात उमटला होता, तिचाच असावा.

घरी ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "काय म्हणते तुमचा ग्रुप? आज काय, युद्ध की तह?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गावंडे सांगून राहिला. त्याच्या घरात रोज संध्याकाळी हजेरी होते म्हणे, कोणाची खूण आली, कोणाची नाही. आमच्या बँकेच्या युनियनमध्येही असे तंटे नव्हते." मग माझ्याकडे जरा बघून म्हणाले, "तू काय करणार आहेस?"

"बघते."

"तू बघतच असते. आधी जेवून घे. गुरुवारी तर पित्तानं तुझं तोंड उतरलेलं असते."

त्या आठवड्यात मी देवापुढे बसले की एकच गोष्ट विचारत होते. दिवा शांत जळायचा. मला भांडता येत नाही. लहानपणापासून आवाजच नाही. वर्गात हजेरी दिली तरी बाई पुन्हा नाव घ्यायच्या. अशा बाईनं सिंधूताईंच्या आड यायचं म्हणजे हाताशी काहीतरी हवं. माझ्या हाताशी एक गोष्ट होती. पण ती काढली की संपणार होती.

आरती शैलजाबाईंकडे होती. हॉलमध्ये सतरंज्या, भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या, स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास. आरती झाली, तीर्थ दिलं. शैलजाबाईंनी घसा साफ केला. शाळेत तास सुरू करायच्या तसा.

"वाचनाच्या वेळेबद्दल थोडं बोलायचं आहे. काही जणी दिवेलागणीपर्यंत—"

"वेळेचं सोडा बाई," सिंधूताई म्हणाल्या. "वाचलंच नाही त्याचं काय?"

स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. ती पुढेही आली नाही, मागेही गेली नाही.

"मागच्या महिन्यात एका गुरुवारी एक अध्याय वाचलाच गेला नाही. आणि 'पूर्ण' म्हणून लिहिलं गेलं. साऱ्यांचं पारायण खंडित झालं. कोणामुळे, ते मी आता—"

"वाचला गेला होता," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. शैलजाबाईंना मात्र गेलं. "काय म्हणालात कमलताई?"

"तो अध्याय त्या गुरुवारी वाचला गेला होता. मी वाचला."

"तुम्ही?" सिंधूताई वळल्या. "बदली तर कोणी मागितलीच नव्हती."

"मागितली नव्हती. मी दर गुरुवारी सगळेच वाचते."

"सगळेच म्हणजे?"

"आख्खी पोथी. पहाटे बसते, दुपारपर्यंत होते. तोवर पाणी घेत नाही."

बोलून झाल्यावर माझ्या कानात गिरणीसारखी घरघर होत होती. ह्यांच्या छातीत कळ आली आणि त्यांना नागपूरला नेलं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी हा नेम धरला होता. हे घरी चालत येऊ देत, मी जन्मभर वाचेन, आणि कोणाला सांगणार नाही. सांगायचा नाही हा नेमाचाच भाग होता. माझी आई असे नेम पदरात बांधून ठेवायची. म्हणायची, लोकांना सांगितलं की त्यातला देवाचा वाटा लोक घेऊन जातात. ह्यांनासुद्धा मी सांगितलं नव्हतं. त्या हॉलमध्ये, शिऱ्याच्या वासात, तो नेम मी सतरंजीवर ठेवून दिला होता आणि बायका त्याच्याकडे बघत होत्या.

"म्हणजे कोणत्याच गुरुवारी पारायण खंडित झालेलं नाही," शैलजाबाई सावकाश म्हणाल्या.

"नाही."

"म्हणजे आम्ही साऱ्या जणी रिकाम्याच वाचून राहिलो होतो म्हणा की," सिंधूताई म्हणाल्या.

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"एक मागू का?" मी म्हणाले.

"मागा."

"अडचण गटावर लिहायची पद्धत बंद करा. जिला बदली हवी तिनं मला एकटीला कळवायचं. कारण लिहायचं नाही. मी वाचीन, 'पूर्ण' तिनं लिहायचं, खूण तिच्याच नावापुढे पडेल. कोणाचं कोणी वाचलं हे गटावर येणार नाही."

"मग शिस्त कशी राहील? रोज उठून कोणीही बदली मागेल."

"मागू द्या."

"बिनकारणाची रजा मी शाळेतसुद्धा कोणाला दिली नाही हो." शैलजाबाईंनी हे सगळ्यांकडे बघत म्हटलं, आणि बघता बघता त्यांची नजर दारापर्यंत गेली. स्नेहलच्या हातातलं ताट एका बाजूला कललं होतं, वाट्या सरकून कडेला आल्या होत्या. बाईंचं बोलणं थांबलं. "बरं," त्या म्हणाल्या. "या महिन्यापुरतं करून बघू. स्नेहल, ते ताट खाली ठेव आधी."

सिंधूताई प्रसाद न घेता गेल्या.

मी घरी पोचायच्या आत ह्यांना फोनवर कळलं होतं. दारातच उभे होते.

"पित्त म्हणायचीस."

"पित्तही होतंच."

आत जाऊन त्यांनी चहा टाकला. फार गोड केला. मी सगळा प्याले.

पुढच्या गुरुवारी पहाटे मी नेहमीसारखी पोथी उघडली. निम्म्यापर्यंत गेले आणि लक्षात आलं, की माझं ध्यान रस्त्याकडे आहे. आता सगळ्यांना माहीत आहे की मी वाचते आहे. भाजीच्या गाडीवर विचारणारच, झाली का काकू आज पोथी? आणि तसंच झालं, आणि होतच राहिलं. एकीनं नातवाच्या परीक्षेसाठी माझ्या वाचनातला वाटा मागितला. काही महिने मी ओढलं. मग एका गुरुवारी मी माझा एक अध्याय आणि बदलीचे तेवढे वाचले आणि पोथी मिटली. देवाला सांगितलं, आता एवढंच होतं. ह्यांना काही झालं नाही. चांगले ठणठणीत आहेत.

गटावरची भांडणं मात्र थांबली. भांडणं गेली तसं बोलणंही गेलं. सकाळी नावं, दिवसभर 'पूर्ण', संध्याकाळी हिरव्या खुणा. बस. दोघीतिघी निघून गेल्या, आपण वाचलं काय नि नाही वाचलं काय, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या जागी नवी नावं आली. आणि माझ्या फोनवर निरोप येऊ लागले. अडचणीचे कमीच. कारण लिहायचं नाही म्हटलं होतं, तरी बायका लिहायच्या. 'आज घरात फार बोलणं झालं, मन लागत नाही.' 'डोळ्यांना अंधारी येते काकू, घरी सांगितलं नाही.' 'आज त्यांची तिथी, वाचायला बसले की रडू येते.' एका गुरुवारी शैलजाबाईंचा आला. 'आज बदली.' दोनच शब्द. मीही विचारलं नाही. पूर्वी जे गटावर सांडायचं ते सगळं आता माझ्या ओटीत येत होतं. मी अध्याय वाचायची, पण वाचून उठले की कोणाच्या तरी घरात दिवसभर राबून आल्यासारखे खांदे दुखायचे.

सिंधूताई देवळात भेटल्या की नमस्कार करायच्या. तेवढाच.

त्या दिवाळीनंतर स्नेहलच्या नवऱ्याला अमरावतीला नोकरी लागली. दोघं तिकडे गेली, गटात मात्र ती राहिली. सुनेची खबर सिंधूताईंना आता गटावरूनच. दर चार आठवड्यांनी मला तिचा निरोप यायचा. 'काकू, आज बदली.' पुढे मागे काही नाही. मी 'हो' लिहायची. संध्याकाळी तिच्या नावापुढे खूण पडायची, इतर सगळ्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच.

मग पुढच्या दिवाळीच्या सुमाराला एका वेळेला तो निरोप आला नाही. मला वाटलं, दिवस मागेपुढे झाला असेल. पुढच्या वेळेलाही आला नाही. त्याच्याही पुढच्या वेळेला नाही. मी विचारलं नाही, विचारायचं नाही हे मीच ठरवलेलं. पण एका दुपारी पेटीतलं आईचं नऊवारी लुगडं काढलं. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालं होतं. दुपट्याला तसंच कापड लागतं, बाळाला टोचत नाही. पुन्हा एकदा धुतलं, सावलीत वाळवलं आणि शिवणयंत्रावर घडी करून ठेवलं. हे म्हणाले, "काय शिवते?" म्हटलं, "बघते."

संक्रांत होऊन गेली होती. गुरुवारी सकाळी समईची काजळी काढत होते तर फोन वाजला. चष्मा डोळ्यांवरच होता.

'काकू, आज बदली.'

काजळीचा हात मी पदराला पुसला. थोड्या वेळानं दुसरा आला.

'दवाखान्यात आहे. आम्ही घरी कोणाला सांगितलंच नव्हतं. आता सांगायचंही नाही इतक्यात. आधी मी रडून घेते.'

मी लिहिलं, 'हो.'

मग बसले आणि तिचा अध्याय काढला. त्या दिवशी फार हळू वाचलं. मध्ये दोनदा ओळ सुटली, ती परत पहिल्यापासून घेतली. बाजूला फोन उजळत होता. सिंधूताईंनी गुलाबाचं फूल टाकून सगळ्यांना शुभ गुरुवार म्हटलं होतं. कोणीतरी उरलेल्या तिळगुळाचं काय करावं ते विचारलं होतं, त्यावर शैलजाबाईंनी चक्क विनोद केला होता. एकेक 'पूर्ण' येत होतं. दुपारी स्नेहलचंही आलं.

दिवेलागणीला शैलजाबाईंनी खुणा टाकल्या. स्नेहलच्या नावापुढेही एक. खाली सिंधूताईंनी नेहमीसारखे हात जोडले. पोथी पुरी झाली होती, आणि गटावर कोणालाही काही कळलं नव्हतं.

मी उठून शिवणयंत्रावरचं लुगडं उचललं आणि परत पेटीत ठेवलं. कापलं नव्हतं, ते बरं झालं.